लाटांचा हिशेब मांडणारा गणिती : जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या गावाचे समुद्राशी नाते आहेच. गावाजवळून वाहणाऱ्या अडाण नदीचे पाणी पैनगंगा, वर्धा आणि प्राणहिता या मार्गाने गोदावरीत जाते आणि अखेर आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरीने आणलेली वाळू मुखाशीच पडून राहत नाही. काकिनाड्यासमोर याच वाळूचा १५ किलोमीटरांहून लांब दांडा उत्तरेकडे वाढत गेला आहे. ही वाळू तिथवर नेली ती मुख्यतः नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळातील लाटांनी. लाट जागच्या जागी वरखाली होते असे डोळ्यांना दिसते. मग ती काही वाहून कशी नेते? या कोड्याचा पहिला गणिती उलगडा करण्याचे श्रेय सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांच्याकडे जाते.

स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातील स्क्रीन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. अटलांटिक महासागराच्या प्रचंड लाटा तेथील किनाऱ्यावर आदळत. लहानपणी समुद्रस्नान करताना अशाच एका लाटेने त्यांना जवळजवळ ओढून नेले होते आणि तेव्हापासून लाटांविषयीचे कुतूहल त्यांच्या मनात रुजले, असे सांगितले जाते.

१८३७ मध्ये ते केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात दाखल झाले आणि १८४१ मध्ये गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर ठरले. हाच मान पुढे १८९९ मध्ये दापोलीजवळच्या मुर्डी गावचे सुपुत्र रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी मिळविला आणि तो मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी स्टोक्स यांच्या प्राध्यापकपदाचा सुवर्णमहोत्सव केंब्रिजमध्ये साजरा झाला. एकेकाळी न्यूटन यांनी भूषविलेले ल्युकेशियन अध्यासन स्टोक्स यांच्याकडे १८४९ मध्ये आले आणि ते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

लाटांवरील त्यांचा प्रबंध १८४७ चा आहे. लाटेखालील पाण्याचा प्रत्येक कण वर्तुळाकार फिरून मूळ जागी परत येतो, असे ढोबळ गणित सांगत असे. स्टोक्स यांनी अधिक बारकाईने हिशेब केला, तेव्हा हे वर्तुळ पूर्ण मिटत नसल्याचे आढळले. लाटेच्या माथ्याखाली कण जितका पुढे जातो, त्याहून किंचित कमी तो दोन माथ्यांमधल्या खळग्याखाली मागे येतो. प्रत्येक लाटेमागे ही अल्पशी शिल्लक उरते आणि पाणी लाटेच्या दिशेने सरकत राहते. खोल समुद्रात एक मीटर उंचीच्या, दर आठ सेकंदांनी येणाऱ्या लाटांमुळे पृष्ठभागावरचे पाणी तासाला सुमारे ४४ मीटर पुढे जाते. लाटांची उंची दुप्पट झाली, की हा वेग चौपट होतो.

उथळ किनाऱ्यावर या शिलकीचे परिणाम गंभीर होतात. किनाऱ्याकडे लोटलेले पाणी साचून राहू शकत नाही; त्याला परत जावेच लागते. काही पाणी तळालगत मागे वळते, तर काही ठिकाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे धावते. लाटा किनाऱ्यावर तिरक्या फुटल्या, तर त्यांच्या रेट्याने किनाऱ्यालगत प्रवाह सुरू होतो. काकिनाड्याचा दांडा अशाच प्रवाहाने घडविला. फुटणाऱ्या लाटांच्या या रेट्याचे पद्धतशीर गणित मात्र १९६० च्या दशकात आणि त्यानंतर इतर शास्त्रज्ञांनी मांडले.

द्रवाच्या चिकटपणाचे नियम, प्रकाशाचे प्रतिदीपन अशा अनेक विषयांत स्टोक्स यांनी मूलभूत काम केले. १८५७ मध्ये विवाह केल्यामुळे तेव्हाच्या नियमानुसार त्यांना कॉलेजची फेलोशिप सोडावी लागली. नियम बदलल्यावर १८६९ मध्ये ती परत मिळाली. १८५४ पासून ३१ वर्षे रॉयल सोसायटीचे चिटणीस म्हणून त्यांनी इतरांचे प्रबंध तपासण्यात आपला बहुमोल वेळ दिला. पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

विदर्भातून कोकणात जाणाऱ्या पर्यटकांसाठी त्यांचा हा हिशेब केवळ पुस्तकी नाही. नदीत पोहणाऱ्याला प्रवाह एकाच दिशेचा ठाऊक असतो. समुद्रात मात्र लाटा किनाऱ्याकडे येत असतानाच पाणी माणसाला आत ओढत असते. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध जो शांत पट्टा दिसतो, तोच बहुधा परतीच्या पाण्याची वाट असतो. अशा ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झगडू नये. तरंगत राहून मदतीसाठी हात उंचवावा आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे. पावसाळ्यात तर पाण्यात न उतरणेच श्रेयस्कर. स्लायगोच्या किनाऱ्यावर तो मुलगा वाचला, म्हणून लाटांचा हिशेब जगाला मिळाला. तो हिशेब ध्यानात ठेवणे आता आपल्या हाती आहे.