मक्याच्या मित्रबुरशीला पुण्यात घर मिळालं ते मालवणच्या आघारकरांमुळे

पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रोडवर आघारकर संशोधन संस्था आहे. त्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. रस्त्याला नाव समाजसुधारक आगरकरांचं आहे. संस्थेला नाव शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं, आणि हे आघारकर मालवणचे.

आता त्यांचा आणि मक्याचा संबंध काय?

सावंतवाडी असो की विदर्भ, मका पेरणाऱ्याला बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायचा सल्ला मिळतो. ही जमिनीतली मित्रबुरशी. अशा बुरशा ओळखण्याचं आणि जिवंत ठेवण्याचं काम ज्या संस्थेत चालतं, ती आघारकरांनी उभी केली.

मालवण ते बर्लिन

आघारकरांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकले आणि तिथेच शिकवूही लागले. सह्याद्री पालथा घालताना त्यांना कृष्णेच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्या जातकुळीचा जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतच माहीत होता. या शोधाने त्यांचं नाव झालं.

पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक नेमलं. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीला गेले आणि 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजा म्हणून जर्मनांनी त्यांना स्थानबद्ध केलं. तरीही अभ्यास न सोडता 1919 मध्ये ते बर्लिनमधून डॉक्टरेट घेऊनच बाहेर पडले.

निवृत्तीनंतरचं खरं काम

कलकत्त्यातून ते 1946 मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली आणि आघारकर तिचे संस्थापक संचालक झाले. 2 सप्टेंबर 1960 ला निधन होईपर्यंत त्यांनी ती वाढवली. 1992 मध्ये तिच्या संशोधन संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

आघारकर स्वतः बुरशीचे अभ्यासक नव्हते. पण त्यांच्या संस्थेत एम. एन. कामत यांच्यासारख्या कवकशास्त्रज्ञाने बुरशीच्या अभ्यासाचा पाया घातला. तिथल्या बुरशीच्या नमुन्यांच्या संग्रहाला एस. एल. आजरेकरांचं नाव आहे. ज्वारीच्या अरगट रोगावर 1926 मध्ये लिहिणारे ते हेच आजरेकर. आज देशाचा राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहही याच संस्थेत आहे.

ट्रायकोडर्मा नेमकी करते काय?

मक्याची मूळकूज आणि खोडकूज करणाऱ्या बुरशा जमिनीतून येतात. ट्रायकोडर्मा झपाट्याने वाढून मुळांभोवतीची जागा आधीच अडवते. रोगट बुरशीच्या तंतूंना विळखा घालते आणि विकरं सोडून त्यांची भिंत विरघळवते. शिवाय रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते.

किलोभर बियाण्याला साधारण 5 ग्रॅम पावडर पुरते. पण ती रोग येण्याआधीच वापरायची, कारण कुजलेलं खोड ती बरं करू शकत नाही. कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकात मिसळली तर ती स्वतःच मरते. आणि लष्करी अळीवर तिचा भरवसा धरू नये.

मग संग्रह कशाला हवा?

कारण हिरवी दिसणारी प्रत्येक बुरशी मित्र नसते. मक्याच्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसही हिरवीच असते. इतकंच काय, 2018 मध्ये जर्मनीत ट्रायकोडर्माच्याच एका प्रजातीने मक्याची कणसं सडवल्याचं आढळलं.

म्हणजे पाकिटावर ट्रायकोडर्मा एवढंच लिहून भागत नाही. प्रजाती कोणती आणि वाण कोणता, हे ठाऊक असावं लागतं. त्यासाठी खात्रीने ओळख पटवलेला नमुना कुठेतरी वर्षानुवर्षं जपलेला असावा लागतो. हे जपणं कुणा एकट्याच्या आयुष्यात पुरं होणारं नाही, त्याला संस्थाच लागते. वयाच्या साठीनंतर आघारकरांनी तीच उभी केली.