वृद्धांसाठी दारोदार फिरलेली संत जीन जुगान



30 ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत जीन जुगान हिचा सण साजरा करते. संत अंतोन किंवा बाळ येशूची संत तेरेजा यांच्यासारखे हे नाव आपल्या ओठांवर नसते. तिच्या नावाची नोव्हेना आपल्याकडे होत नाही, तिची तसबीरही सहसा कोणाच्या घरात दिसत नाही. म्हणूनच तिच्याविषयी थोडे लिहावेसे वाटले.

संध्याकाळी आपल्या आळीतून एक फेरी मारली तर कितीतरी घरांच्या ओट्यावर फक्त आजी-आजोबा बसलेले दिसतात. मुले कॅनडात, आखातात, ऑस्ट्रेलियात. त्यांना दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही, पोटासाठी माणसाला जावे लागते. पण एकोणिसाव्या शतकात नेमका उलटा प्रवास करणाऱ्या काही मुली होत्या. विशी-पंचविशीत त्यांनी आपला गाव सोडला, समुद्र ओलांडला आणि भाषाही न येणाऱ्या देशात जाऊन तिथल्या परक्या, निराधार म्हाताऱ्यांना सांभाळले. त्या ज्या संस्थेतून गेल्या तिची सुरुवात जीन जुगानच्या खोलीत झाली. ती स्वतः मात्र कधी परदेशी गेली नाही.

जीनचा जन्म 25 ऑक्टोबर 1792 रोजी फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात कांकाल या गावी झाला. गाव मच्छीमारांचे. वडील जोसेफ मासेमारीसाठी समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा जीन जेमतेम चार वर्षांची होती. होडी परत येईल म्हणून किनाऱ्याकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, हे आपल्या कोळी बांधवांना वेगळे सांगायला नको. आईने मिळेल ते काम करून मुले वाढवली. फ्रेंच राज्यक्रांतीचा तो काळ. चर्चेस बंद होती, धर्मगुरू लपून राहत होते. मुलांना प्रार्थना आणि धर्मशिक्षण मिळे ते घरातल्या आणि शेजारच्या बायकांकडून, गुपचूप. जीनची श्रद्धा अशा चोरट्या धर्मशिक्षणात रुजली.

सोळा-सतराव्या वर्षी ती जवळच्या एका वाड्यात स्वयंपाकघरात कामाला लागली. वाड्याची मालकीण गरिबांच्या आणि आजाऱ्यांच्या घरी जायची आणि या मुलीला बरोबर न्यायची. जीनला एका खलाशाने लग्नाची मागणी घातली. तिने नकार दिला. काही वर्षांनी तो पुन्हा आला, पुन्हा तेच उत्तर. देवाला आपण कशासाठी तरी हव्या आहोत, पण ते काम अजून सुरू झालेले नाही, असे तिने आईला सांगितले म्हणतात.

ते काम सुरू व्हायला फार उशीर लागला. 1817 साली ती जवळच्या सें-सेर्वां या बंदराच्या गावी गेली आणि तिथल्या इस्पितळात सहा वर्षे आजाऱ्यांची सेवा करून स्वतःच खंगून गेली. मग एका भाविक प्रौढ बाईकडे ती मोलकरीण म्हणून राहिली. मालकीण आणि मोलकरीण असे ते नाते फार दिवस राहिले नाही. दोघी बरोबर मिस्साला जात, मुलांना धर्मशिक्षण देत, गरिबांकडे जात. बारा वर्षांनी, 1835 मध्ये, ती बाई वारली. जीनने तेव्हा चाळिशी ओलांडली होती. घर नाही, नवरा नाही, मुलेबाळे नाहीत. लोकांच्या हिशेबी तिचे आयुष्य संपत आले होते.

पुढे तिने फांशाँ नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या बाईबरोबर दोन खोल्या आणि एक माळा भाड्याने घेतला. व्हर्जिनी नावाची सतरा वर्षांची एक अनाथ मुलगी त्यांच्यात येऊन राहिली. एक सत्तरीची, एक पंचेचाळिशीची, एक सतराची! धुणीभांडी, शिवणकाम, सूतकताई करून तिघींचे चालले होते.

1839 च्या हिवाळ्यात जीनने आन शोव्हँ या म्हातारीला घरी आणले. ती विधवा, आंधळी आणि अर्धांगवायूने लुळी होती. जीनने तिला उचलून आणले, स्वतःच्या पलंगावर निजवले आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. लवकरच दुसरी म्हातारी आली. ही जुनी मोलकरीण होती. मालकांचे दिवाळे निघाल्यावर पगाराविना तिने त्यांची सेवा केली होती आणि ते गेल्यावर तिला विचारणारे कोणी उरले नव्हते. व्हर्जिनीनेही आपला पलंग दिला. जागा पुरेना, तेव्हा 1841 मध्ये त्यांनी पूर्वी दारूचा गुत्ता असलेली मोठी खोली घेतली. बारा म्हाताऱ्या तिथे मावल्या.

आता एवढ्यांना खायला काय घालायचे? जीनने केलेली युक्ती मला फार आवडते. या म्हाताऱ्या पूर्वी भीक मागत. प्रत्येकीची ठरलेली घरे होती, कोण पाव देतो, कोण पैसा देतो हे तिला माहीत असे. जीनने त्यांच्याकडून ती घरे विचारून घेतली, हातात टोपली घेतली आणि स्वतः त्या दारांत उभी राहिली. तुमची म्हातारी आता येणार नाही, तिच्याऐवजी मी येईन, तिचे दान माझ्याजवळ द्या, असे ती सांगे. म्हातारपणी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभे राहण्याची लाज तिने त्यांच्याकडून काढून आपल्याकडे घेतली. तिला ती लाज वाटत नव्हती असे मात्र समजू नका. भीक मागणे तिला फार जड गेले. संत जॉन ऑफ गॉड यांच्या संघातील एका ब्रदरने तिला या वाटेवर धीर दिला.

एकदा एका माणसाने चिडून तिला थप्पड मारली. तिने शांतपणे त्याचे आभार मानले आणि ही मला मिळाली, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या, असे म्हणून टोपली पुढे केली. आँजे शहरातल्या घरात एकदा वृद्धांसाठी लोणी नव्हते. तिने लोण्याची रिकामी भांडी संत जोसेफच्या पुतळ्यासमोर नेऊन ठेवायला सांगितली. लोणी आले. आपल्या घरातल्या आजीही संतांशी असाच हक्काने व्यवहार करतात!

व्हर्जिनीची मैत्रीण मरी जामे आणि आणखी एक तरुणी या कामात आल्या. गावच्या चर्चमधील तरुण धर्मगुरू फादर ल पायेर या मुलींचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. 1842 मध्ये छोटी संघटना झाली आणि जीनला प्रमुख निवडण्यात आले. डिसेंबर 1843 मध्ये भगिनींनी तिलाच पुन्हा निवडले. दोन आठवड्यांनी फादरांनी ती निवड आपल्या अधिकारात रद्द केली आणि तेवीस वर्षांच्या मरी जामेला प्रमुख नेमले. जीन एक्कावन्न वर्षांची होती. ती काही बोलली नाही. टोपली उचलून पुन्हा रस्त्याला लागली.

हे लिहिताना मला राग येतो, तो लपवत नाही. एका धर्मगुरूने हे केले, म्हणून त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. कारण पुढे जे झाले ते याहून वाईट होते.

बाहेरच्या जगात जीनचे नाव होत होते. 1845 साली फ्रेंच अकादमीने तिला मोंतियों पारितोषिक दिले, तीन हजार फ्रँकचे. रेन, दिनाँ, तूर, आँजे अशी नवीन घरे उघडली, तेव्हा अडचणीच्या जागी जायची ती जीनच. पण 1852 मध्ये तिला मुख्य मठात बोलावून घेण्यात आले. दानशूरांशी संबंध ठेवायचे नाहीत, बाहेर फिरायचे नाही. संस्थेच्या इतिहासात फादर ल पायेर संस्थापक झाले आणि जीन तिसरी सभासद ठरली. 1856 पासून ती सें-पेर्न गावच्या नव्या मठात, ला तूर इथे, नॉव्हिस मुलींमध्ये राहू लागली. मठातले तिचे नाव सिस्टर मेरी ऑफ द क्रॉस. 1852 ते 1879, अशी सत्तावीस वर्षे.

त्याच वर्षांत तिचे काम समुद्रापार गेले. 1851 मध्ये पहिल्या भगिनी लंडनला पोहोचल्या. पोप महोदयांनी नुकतीच तिथे कॅथलिक धर्मप्रांतांची पुनःस्थापना केली होती आणि त्यावरून शहरात आपल्या लोकांविरुद्ध वातावरण तापलेले होते. अशा शहरात काळा झगा घालून, मोडके इंग्रजी बोलत, फ्रेंच मुली दारोदार टोपली घेऊन फिरू लागल्या. 1852 मध्ये चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात या भगिनींच्या पॅरिसमधील घरावर लेख आला. 1853 मध्ये बेल्जियम, 1863 मध्ये स्पेन. सप्टेंबर 1868 मध्ये सात भगिनी अटलांटिक महासागर ओलांडून ब्रुकलिनला उतरल्या आणि 1872 पर्यंत अमेरिकेत त्यांची तेरा घरे झाली होती.

यांची कामाची रीत सगळीकडे एकच होती. मोजक्या भगिनी नव्या शहरात जायच्या, एखादे घर मिळवायच्या आणि पहिल्या म्हाताऱ्याला आत घेऊन कामाला लागायच्या. मग बाजारातली उरलेली भाजी, हॉटेलांतले शिळे पाव, एकदा उकळून टाकलेला कॉफीचा चोथा. हे सगळे निवडून, शिजवून आधी वृद्धांना वाढायचे, उरेल ते भगिनींनी खायचे. ज्यांचे हात चालतात त्या वृद्धांना थोडे काम द्यायचे, कारण आपण अजून उपयोगी आहोत असे वाटले की माणूस ताठ बसतो. जीनने सें-सेर्वांच्या माळ्याखाली जे केले तेच या मुली लंडन-ब्रुकलिनमध्ये करत होत्या. फरक इतकाच, की ते पहिल्यांदा कोणी केले हे त्यांच्यापैकी बहुतेकींना माहीत नव्हते.

आपलीही मुले-मुली आज परदेशी जाऊन म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालतात, भरवतात, रात्री उठून पाहतात. तो त्यांचा नोकरीधंदा आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. त्या मुलींना मात्र पगार नव्हता आणि बहुतेकींना परतीचे तिकीटही नव्हते.

ला तूरमध्ये काठी टेकत चालणारी एक उंच म्हातारी नॉव्हिस मुलींना भेटे. छोट्या छोट्या गोष्टी सांगे. म्हातारी माणसे चिडचिड करतात तेव्हा धीर धरा, प्रार्थना करा, त्यांच्या ठायी प्रभू येशूला पाहा. मुली ऐकत, थोड्याच दिवसांत कुठल्यातरी शहराकडे रवाना होत आणि त्यांच्या जागी नव्या मुली येत. आपण कोण हे तिने सांगितले नाही. एकदा मात्र तिला विचारावे लागले. 1865 मध्ये संस्थेला कायमचे उत्पन्न मिळण्याची संधी आली. ते घ्यावे की नाही यावर वरिष्ठांची चर्चा चालली होती. त्या बैठकीत जीनला बोलावले. देवाच्या कृपेवर आणि लोकांच्या दानावर चाललेले काम व्याजावर चालवू नये, असे तिचे मत पडले. निर्णय तसाच झाला आणि त्या कागदावर तिचीही सही घेण्यात आली. त्यानंतर ती पुन्हा नॉव्हिस मुलींमध्ये जाऊन बसली.

29 ऑगस्ट 1879 रोजी, वयाच्या 86 व्या वर्षी, ती वारली. त्याच वर्षी 1 मार्चला पोप लिओ तेरावे यांनी संस्थेच्या नियमावलीस मान्यता दिली होती. तेव्हा संस्थेत 2,400 भगिनी होत्या.

खोटे फार काळ टिकले नाही, पण जीनच्या हयातीत ते उघडही झाले नाही. 1890 मध्ये चौकशीनंतर फादर ल पायेर यांना रोमला बोलावून पदावरून दूर करण्यात आले. मरी जामे 1893 मध्ये वारली. आपण पहिल्या नव्हतो, आपल्याला तसे सांगायला लावले, असे तिने अखेरीस कबूल केले होते. तिच्यावरही मला फार रागावता येत नाही. विशीतली ती मुलगी, आज्ञापालनाच्या नावाखाली तिच्या खांद्यावर काय काय टाकले गेले! 1902 मध्ये खरा इतिहास लोकांपुढे आला. 3 ऑक्टोबर 1982 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी जीनला धन्यवादित घोषित केले आणि 11 ऑक्टोबर 2009 रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संतपद बहाल केले. कुष्ठरोग्यांचे फादर डेमियन यांनाही त्याच दिवशी संतपद मिळाले.

तिच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, 1882 मध्ये, लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर आपल्या देशात आल्या आणि कलकत्त्याला त्यांनी पहिले घर उघडले. मुंबईत अंधेरीला असलेले त्यांचे घर आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. कलकत्त्याच्या बोटीतून उतरलेल्या त्या भगिनींपैकी एखादी कधीकाळी ला तूरच्या बागेत त्या काठीवाल्या म्हातारीशेजारी नक्कीच बसली असेल. ती कोण होती हे कळायला तिला आणखी वीस वर्षे लागली.