उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर

कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या चरित्रातील एक धडा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. बेळगावची जागा सोडणे भाग पडल्यावर, १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी देऊ केलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळील निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना व कामगारांची वस्ती एकत्रच वसविली. लोखंडी नांगर घडविता घडविता तेथे माणसेही घडली. त्या बळावरच १९४६ साली, त्यांच्या हयातीत, तेल-इंजिनांचा कारखाना पुण्यास व विजेच्या मोटारींचा बंगळूरास निघाला. आधी कसब एके ठिकाणी मुरवावे, मगच शाखा पसराव्यात. उलट क्रमाने भांडवल व माणसे दोन्ही विखुरतात. उद्योगात पडू इच्छिणाऱ्या आमच्या तरुण ज्ञातिबांधवांनी हा बोध अवश्य घ्यावा.