चुलीपर्यंत पोचलेला सत्याग्रह

देवगडच्या सड्यावर १९८० च्या दशकात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा आम्ही कोकणी माणसे त्या हौसेने पाहायला गेलो. वारा कोणाच्या आळीतून आला, हे तिथे कोणी विचारले नाही. पण त्याच्या कितीतरी आधी याच जिल्ह्यात कणकवलीला एका माणसाने असेच फुकट इंधन घराघरांत नेऊ पाहिले होते. त्याच्या वाट्याला मात्र नाके मुरडणेच जास्त आले. तो माणूस म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन, आमचे कोकण गांधी.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म १८९४ चा. चित्पावन घरातला हा विद्वान माणूस गांधीजींच्या मागे गेला. गांधीजींची आत्मकथा त्यांनीच मराठीत आणली. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते होते. पण मला त्यांची खरी ओळख पटते ती १९३२ मधल्या रत्नागिरीच्या तुरुंगात. तिथे संडास साफ करण्याचे काम जात पाहून दिले जाई. अप्पांनी ते स्वतःसाठी मागितले, सरकारने नाकारले, तेव्हा त्यांनी अन्नावरच गदा आणून घेतली. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबरात उपवास धरला. घाण साफ करण्याचा हक्क मागणारा सत्याग्रही जगात दुसरा झाला असेल, असे मला वाटत नाही.

१९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम निघाला. मेलेल्या गुरांचे कातडे सोडवण्यापासून मैल्याचे खत करण्यापर्यंत सारे उद्योग अप्पांनी स्वतःच्या हातांनी केले. गोबर गॅस हा त्यातलाच पुढचा टप्पा. शेण पाण्यात कालवून बंद विहिरीत सोडायचे. हवा न मिळाल्याने जंतू ते कुजवतात, जळणारा वायू वर साठतो आणि उरलेली रबडी शेताला जाते. इथवर सारे ठीक. शेणाने तर आपण देवघरही सारवतो! अप्पांचा आग्रह पुढे होता: घरचा संडासही त्याच विहिरीला जोडा. म्हणजे वाहून न्यायला मैलाच उरणार नाही आणि तो वाहणारी जातही. लोक अडले ते नेमके इथे. खरे तर १८९७ मध्येच मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात अशा वायूवर दिवे लागले होते. यंत्राला अडचण नव्हतीच.

१० मार्च १९७१ रोजी अप्पा गेले. पुढे दोनच वर्षांनी तेल भडकले. १९८१-८२ पासून सरकारने बायोगॅसचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. संडास जोडणाऱ्याला पुढे जादा अनुदानही मिळू लागले. देहूच्या डॉ. मापुसकरांनी अप्पांचे काम मनावर घेऊन मैल्यावरच्या संयंत्रांचा गावोगाव प्रसार केला.

त्याच सुमारास आमच्या आतेनेही बऱ्याच वादावादीनंतर संडासाची नळी जोडून घेतली. चहा, आमटी, पेज सारे त्या निळ्या ज्योतीवर होई. नैवेद्याचा भात मात्र तिने शेवटपर्यंत लाकडाच्या चुलीवर, डोळे चोळीतच रांधला.