न विरघळणारी राळ

वाडीत हल्ली नव्या फ्लॅटमध्ये टाइल्सच्या फटी इपॉक्सीने भरतात. काम संपते, डाग राहतात आणि दुसऱ्या दिवशी दगड होतात. मग थिनर, ॲसिटोन, रॉकेल, जे हाताला लागेल ते चोळणे सुरू होते. अशीच खटपट शंभरेक वर्षांपूर्वी लिओ बेकलंड यांनी केली होती.

बेकलंड १८६३ साली बेल्जियममधील गेंट येथे जन्मले. वडील जोडे दुरुस्त करीत, आई लोकांकडे घरकाम करी. एकविसाव्या वर्षी ते डॉक्टरेट झाले, १८८९ मध्ये प्राध्यापकांच्या मुलीशी लग्न करून अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी दिव्याच्या उजेडात छापता येणारा फोटोचा कागद काढला. १८९९ मध्ये तो ईस्टमन कोडॅकला विकल्यावर जन्मभर बसून खाता आले असते.

त्यांनी हाती घेतली लाख. विजेच्या सामानाला लेप द्यायला ती लागे आणि मुख्यतः भारतातून जाई. आपल्याकडे पळसावर किडे करतात तीच. तिला पर्याय हवा होता. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडची राळ होते हे आडॉल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच पाहिले होते, पण भांड्याला चिकटणारी ती घाण कोणाला नको होती. बेकलंड यांनी आधी ती विरघळवायचा प्रयत्न केला. जमले नाही. शेवटी हा हट्टी गुणच उपयोगाचा, हे त्यांनी ओळखले आणि १९०७ मध्ये उष्णता व दाब देऊन बेकेलाइट घडवले. जुन्या घरांतली विजेची काळी बटणे त्याचीच. १९४४ मध्ये ते वारले. ॲराल्डाइट त्यानंतर दोन वर्षांनी आले.

इपॉक्सीचे रसायन वेगळे, पण वाळल्यावर तिचेही रेणू जाळ्यासारखे बांधले जातात. ॲसिटोनचा खरा उपयोग ती ओली असेपर्यंतच. वाळलेल्या डागाला हेअर ड्रायरची गरम हवा द्यावी, तो नरम पडला की प्लॅस्टिकच्या पट्टीने तिरपे खरवडावे. ज्योत लावू नये, धूर वाईट असतो. घासावे लागलेच तर तोंडाला मास्क हवा.

पेंट रिमूव्हरचा डबा मात्र वाचून घ्या. त्यात डायक्लोरोमिथेन असेल तर बंद बाथरूममध्ये वापरू नका. श्वासातून गेल्यावर शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. घरात हृदयरोगी असतील तर तो डबा आणूच नये. हाताला लागलेली ओली इपॉक्सी थिनरने पुसू नका, त्वचा आणखी खराब होते. साबण-पाण्याने धुवा. खाज किंवा पुरळ आले तर त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा आणि कशाचे काम करत होता, हे डॉक्टरांना आधी सांगा.