वसईचे संत गोन्सालो गार्सिया

आमच्या या नागपूर भागात ख्रिस्तसभेचे जे कार्य उभे राहिले, त्यात सॅव्हॉय प्रांतातून आलेल्या, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघातील धर्मगुरूंचा वाटा केवढा मोठा, व १८८७ साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत कसा झाला, हे वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्याच्याही तीनशे वर्षे आधी कोकणच्या किनाऱ्यावरील एक मुलगा सुवार्तेच्या कामासाठी थेट जपानात गेला होता, याची आठवण आपणांपैकी किती जणांस असते? ज्युबिलीच्या या अंकात त्याचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईकडील. येशूसंघाच्या पाद्रींच्या शाळेत ते शिकले व पंधरा-सोळा वर्षांचे असतानाच आपल्या गुरूंबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी लवकरच आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे ते धर्मशिक्षकाचे काम करीत राहिले. येशूसंघात आपणांस घ्यावे, ही त्यांच्या मनीची इच्छा. ती मान्य झाली नाही. कारणांची चिकित्सा करण्यात आम्हांस स्वारस्य नाही. पण ज्या दारापाशी तारुण्याची वर्षे घालविली, ते दार बंदच राहिले म्हणजे आपणच अपात्र, असे कोणासही वाटावे.

गोन्सालो व्यापारात शिरले. धंदा चांगला चालला, पैसाही मिळाला. एवढ्यावर कित्येकांचे समाधान झाले असते. त्यांचे झाले नाही. व्यापाराच्या निमित्ताने मनिला येथे गेले असता फ्रान्सिस्कन बंधूंशी त्यांची ओळख झाली, आणि सर्व सोडून ते त्या संघात दाखल झाले. तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे बंधू म्हणून.

पुढे जे घडले ते आम्हांस विशेष विचार करण्याजोगे वाटते. १५९३ साली मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाउतिस्ता यांस वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे पाठविले. फादर विद्वान खरे, परंतु जपानी भाषा त्यांस अवगत नव्हती. दरबारात त्यांची वाचा झाले ते हे साधे बंधू गोन्सालो! धर्मशिक्षक असताना कमावलेली व व्यापारात रुळलेली तीच भाषा. धर्मशिक्षणाचा वर्ग घ्या, असे म्हटले की आमच्यापैकी पुष्कळ जण, आपली भाषा गावंढळ, आपले शिक्षण बेताचे, अशी सबब पुढे करतात; त्यांनी हा प्रसंग अवश्य ध्यानी घ्यावा.

क्योतो येथे फ्रान्सिस्कनांनी मठ व महारोग्यांसाठी रुग्णालय चालविले. परंतु १५८७ साली हिदेयोशीने मिशनरींना देशाबाहेर घालविण्याचा हुकूम काढलाच होता, आणि १५९६ च्या अखेरीस 'सान फेलिपे' नावाचे स्पॅनिश जहाज किनाऱ्यास लागून फुटल्यावर त्याचा राग पुन्हा उसळला. डिसेंबरात मठास पहारा बसला. जानेवारीत क्योतोच्या भर रस्त्यात बंदिवानांच्या डाव्या कानांच्या पाळ्या कापण्यात आल्या, आणि ऐन हिवाळ्यात त्यांस नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. सुमारे महिनाभर ही यात्रा चालली. एकंदर सव्वीस जण. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, बाकीचे बहुतेक जपानी प्रापंचिक, बारा-तेरा वर्षांची कोवळी मुलेसुद्धा. पॉल मिकी आदी येशूसंघाचे तिघेही त्यांत होते. ज्या संघाने एके काळी गोन्सालोंस घेतले नाही, त्याच संघाच्या माणसांच्या सोबतीने त्यांस मरण यावयाचे होते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रूस तयार होते. परंपरा सांगते की गोन्सालो सर्वांच्या आधी तेथे पोहोचले, सरळ एका क्रूसाकडे गेले व तो आपला काय, असे विचारले. तो त्यांचा नव्हता. दुसऱ्याकडे नेल्यावर त्यांनी गुडघे टेकून त्यास मिठी मारली. भाल्यांनी त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचे वय चाळीसच्या आसपास होते.

१६२७ साली त्यांस धन्य व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत म्हणून जाहीर केले. वसईजवळील गास गावचे चर्च त्यांच्याच नावाचे आहे.