देवाचे संत योहान : मनोरुग्णांच्या शुश्रूषेचे गुरू

परिचारिकांचे आश्रयदाते संत योहान यांचा जन्म 1495 साली पोर्तुगालातील मोंतेमोर-ओ-नोव्हो या गावी झाला. बालपणीच ते स्पेन देशी गेले. मेंढपाळ, शिपाई व अखेरीस ग्रानाडा शहरात पुस्तकविक्रेता, अशी त्यांची चाळीसहून अधिक वर्षे सरली.

सुमारे 1539 साली आविलाचे योहान या विख्यात धर्मगुरूंचे प्रवचन ऐकून त्यांस विलक्षण पश्चात्ताप झाला. सर्वस्व वाटून टाकून ते आक्रोश करीत रस्तोरस्ती हिंडू लागले. लोकांनी त्यांस वेडे ठरवून तेथील राजरुग्णालयात कोंडले. वेड्यास बांधावे व चाबकाने मारावे, हाच तेव्हा उपचार समजला जाई. तो मार स्वतः सोशीत असता, अशा दुर्दैवी जीवांची सेवा मनासारखी करता यावी म्हणून आपले स्वतःचे रुग्णालय असावे, ही इच्छा त्यांच्या ठायी उपजली.

सुटका झाल्यावर त्यांनी ग्रानाडात भाड्याच्या घरी रुग्णालय थाटले. लुळे, पांगळे, कुष्ठरोगी व मनोरुग्ण या सर्वांस तेथे थारा मिळे. खर्चासाठी ते रात्री टोपली घेऊन भिक्षा मागत. त्यांचे पहिले सोबती अंतोन मार्तिन व पेद्रो वेलास्को हे एकमेकांचे हाडवैरी होते. योहानांनी त्यांचा समेट घडविला व त्यांस रुग्णसेवेचे धडे दिले. शाळा नव्हती, ग्रंथ नव्हता. गुरूचा हात कसा चालतो, हे पाहून शिष्य शिकले. 1549 साली त्याच राजरुग्णालयास आग लागली, तेव्हा जिवाची पर्वा न करता योहानांनी आतील रुग्ण बाहेर काढले.

8 मार्च 1550 रोजी गुडघे टेकलेल्या स्थितीत त्यांनी देह ठेवला. 1572 साली पोप पाचवे पायस यांनी त्यांच्या बंधुसंघास मान्यता दिली. 1690 साली योहानांस संतपद प्राप्त झाले व 1930 साली पोप अकरावे पायस यांनी त्यांस परिचारिकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

टेंभी नाक्याच्या आपल्या लोकांस हे चरित्र दूरचे वाटू नये. आपल्या ठाण्यात 1901 सालापासून मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णास साखळदंड घालणे 2017 च्या कायद्याने निषिद्ध ठरविले, आणि मनोरुग्णांची शुश्रूषा हा आज परिचारिकांच्या शिक्षणाचा रीतसर भाग आहे. परंतु साखळी लोखंडाचीच असते असे नाही. घरातील आजारी माणूस लाजेपोटी पाहुण्यांपासून लपविणे, हीही साखळीच होय. नुसत्या कनवाळूपणाने ती तुटत नाही. त्यास शिक्षणाची जोड हवी. या महोत्सवी वर्षी आपल्या धर्मग्रामातील काही मुलामुलींनी ही विद्या शिकण्याचा निश्चय करावा, आणि त्यांच्या आईबापांनी तो आनंदाने मान्य करावा, हीच प्रभुचरणी प्रार्थना.